साधन, नाव आणि सीमा : संततिनियमनाच्या शब्दांचा परदेशप्रवास

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतून अनेक कुटुंबे नोकरी, शिक्षण वा विवाह या निमित्ताने परदेशी जातात. सामानाची बांधाबांध करताना गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी यांची आठवणीने सोय केली जाते. संततिनियमनाच्या साधनाचा विचार मात्र बहुधा सर्वांत शेवटी होतो, किंवा होतच नाही. दोन-तीन महिन्यांनी बरोबर नेलेला साठा संपतो आणि मग परक्या शहरातील औषधाच्या दुकानात एखादी स्त्री जे नाव उच्चारते, ते तेथे कोणालाच ठाऊक नसते. कित्येकदा ती वस्तू त्याच दुकानाच्या फळीवर वेगळ्या नावाने ठेवलेली असते. कधी ती त्या देशात मिळतच नसते. आणि कधी जवळजवळ त्याच नावाची, परंतु निराळीच वस्तू हाती पडते. ही अडचण वैद्यकीय आहे हे खरे. तथापि तिचा बराचसा भाग शब्दाचा आहे. म्हणूनच भाषेच्या अभ्यासकाने तिच्याकडे लक्ष देणे उचित ठरते.

विवेचनाच्या सोयीसाठी येथे नावांचे तीन वर्ग कल्पिले आहेत. घरात, दवाखान्यात आणि शेजारणींच्या बोलण्यात रुळलेले ते बोलीनाम. उत्पादकाने किंवा सरकारने वेष्टनावर छापलेले ते व्यापारनाम. औषधातील मूळ रासायनिक द्रव्य दाखविणारे ते द्रव्यनाम. या तिघांपैकी कोणते नाव किती दूर जाते, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

१

आज मराठी शब्द परदेशी जाऊन अडतो. शंभर वर्षांपूर्वी प्रवासाची दिशा उलट होती. तेव्हा साधने परदेशांतून मुंबईत येत आणि त्यांना मराठी नाव नसे.

गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) हे १९१९ मध्ये उच्च अभ्यासासाठी पॅरिसला गेले. परत आल्यावर १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी १७ मार्च रोजी मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपला पहिला दवाखाना उघडला होता. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती. १९२३ मध्ये कर्वे यांचे ‘संततिनियमन’ या विषयावरील मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. १९२५ मध्ये या कार्यापायी त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली आणि जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले. ते त्यांच्या अखेरीपर्यंत चालले.

कर्वे यांच्यापुढील अडचण दुहेरी होती. एक तर रबराची व रासायनिक साधने बाहेरून मागवावी लागत. दुसरे म्हणजे, ती कशी वापरावीत हे मराठीत सांगावयाचे, तर सभ्य समजल्या जाणाऱ्या भाषेत त्या अवयवांची व क्रियांची नावे घेणेच निषिद्ध मानले जाई. नाव घेतल्यावाचून कृती समजावता येत नाही, आणि नाव घेतले की अश्लीलतेचा आरोप येतो, असा हा पेच होता. ‘समाजस्वास्थ्या’वर खटले झाले. १९३४ मधील खटल्यात, वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल आरोप असताना, कर्वे यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायालयात उभे राहिले. खटल्याचा निकाल कर्वे यांच्याविरुद्ध गेला व त्यांना दंड झाला. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी आंबेडकर यांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या प्रचाराचा ठराव मांडला. तोही फेटाळला गेला. वस्तू बंदरात उतरविणे सोपे होते. शब्दाला मराठीत उतरू देणे समाजाला अवघड गेले.

२

‘संततिनियमन’ या शब्दाची घडण पाहण्याजोगी आहे. ज्या इंग्रजी संज्ञेचा हा पर्याय, ती मार्गारेट सँगर यांच्या नियतकालिकातून १९१४ मध्ये प्रचारात आली. तिच्यातील पहिल्या पदाचा अर्थ ‘जन्म’ आणि दुसऱ्याचा ‘ताबा’. मराठीने ‘जन्म’ न घेता ‘संतति’ घेतली, आणि ‘निग्रह’ न घेता ‘नियमन’ घेतले. ‘नियमन’ हा शब्द ‘यम्’ म्हणजे आवरणे या धातूला ‘नि’ हा उपसर्ग लागून सिद्ध होतो. त्याच धातूला ‘सम्’ लागला की ‘संयम’ होतो. डिसेंबर १९३५ मध्ये सँगर वर्ध्याला येऊन महात्मा गांधींना भेटल्या, तेव्हा कृत्रिम साधनांऐवजी गांधीजींनी संयमाचाच आग्रह धरला. तो सारा वाद मराठीत मांडावयाचा झाल्यास एकाच धातूच्या दोन उपसर्गांत मांडता येतो. ‘नियमना’त साधनाला जागा आहे, ‘संयमा’त ती नाही.

स्वातंत्र्यानंतर शब्द पालटला. १९४९ मध्ये धन्वंती रामा राव यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत भारतीय कुटुंबनियोजन संघटना स्थापन झाली आणि १९५२ पासून सरकारी कार्यक्रम सुरू झाला. ‘संतती’च्या जागी ‘कुटुंब’ आले, ‘नियमना’च्या जागी ‘युज्’ म्हणजे जोडणे या धातूचे ‘नियोजन’ आले. १९७७ मध्ये, आणीबाणीतील सक्तीच्या शस्त्रक्रियांमुळे हा शब्द अप्रिय झाल्यावर, ‘कुटुंबकल्याण’ हे नाव देण्यात आले. अधिकृत शब्द याप्रमाणे अधिकाधिक सौम्य व अधिकाधिक संदिग्ध होत गेला. घरातील बोली मात्र आपल्या वाटेने चालली. ‘पाळणा लांबवणे’, ‘पाळणा थांबवणे’, ‘गोळ्या चालू असणे’, ‘तांबी बसवणे’ हे प्रयोग कोणा समितीने केलेले नाहीत. ‘तिचं ऑपरेशन झालंय’ एवढ्या वाक्यातून, कोणते ऑपरेशन हे न सांगता, मराठी स्त्रियांना नेमका बोध होतो. हे बोलीनामाचे सामर्थ्य आहे आणि तीच त्याची मर्यादाही आहे. ज्या समूहात ते घडले, त्या समूहाबाहेर ते काहीच सांगत नाही.

३

साधन सीमेपलीकडे नेताना केवळ शब्दच अडतो असे नाही. कायदाही अडवीत आला आहे. कर्वे ज्या फ्रान्समध्ये शिकावयास गेले, त्याच देशात ३१ जुलै १९२० च्या कायद्याने संततिनियमनाचा प्रचार हा गुन्हा ठरला आणि ही स्थिती १९६७ पर्यंत मूलतः बदलली नाही. अमेरिकेत १८७३ च्या कायद्याने अशी साधने टपालाने पाठविणे वा बाहेरून आणणे निषिद्ध होते. जपानमधून एका अमेरिकन डॉक्टरणीच्या नावे आलेले पेसरींचे पुडके जकात अधिकाऱ्यांनी अडविले, त्यावरून खटला झाला आणि १९३६ मध्ये डॉक्टरांना अशी साधने मागविण्याची मोकळीक मिळाली. आयर्लंडमध्ये १९३५ पासून विक्रीला व विक्रीसाठीच्या आयातीला बंदी होती. २२ मे १९७१ रोजी डब्लिनच्या काही स्त्रिया रेल्वेने बेलफास्टला गेल्या व साधने घेऊन उघडपणे परतल्या. गोळ्यांना तेथे डॉक्टरची चिठ्ठी लागत असल्याने त्यांनी अॅस्पिरिनच्या गोळ्या विकत घेऊन त्याच संततिनियमनाच्या म्हणून मिरविल्या. गोळीवर अर्थ लिहिलेला नसतो, तो नावाने येतो, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. जपानने तर तोंडाने घ्यावयाच्या संततिनियमनाच्या गोळीला १९९९ मध्ये मान्यता दिली.

तात्पर्य, ‘परदेशात सगळे मिळते’ ही समजूत निराधार आहे. एका देशात दुकानातून सहज मिळणारी वस्तू दुसऱ्या देशात चिठ्ठीवाचून मिळत नाही आणि तिसऱ्यात नोंदलेलीच नसते.

४

आता भारतातील प्रचलित नावांकडे वळू. येथे मुख्य नामकर्ते सरकार होते, आणि त्याने बहुधा संस्कृत वा हिंदी शब्द निवडले. १९६८ मध्ये ‘निरोध’ बाजारात आला. तीन नगांची किंमत १५ पैसे होती, आणि चहा-साबण विकणाऱ्या कंपन्यांच्या वितरणव्यवस्थेतून तो पानपट्टीच्या दुकानापर्यंत पोहोचला. आरंभी माल परदेशांतून आयात केला जाई. १९६९ पासून सरकारी कारखान्यात, जपानी सहकार्याने, तो तिरुवनंतपुरम येथे होऊ लागला. ‘रुध्’ म्हणजे अडविणे या धातूपासून आलेले हे व्यापारनाम पुढे सामान्यनाम बनले. वस्तू परदेशी, नाव संस्कृत आणि वापर बोलीतला, असा हा संयोग आहे.

‘तांबी’ या शब्दाची जात वेगळी. आरंभी, १९६५ च्या सुमारास, जे साधन आले ते प्लॅस्टिकचे होते आणि त्यास ‘लूप’ म्हणत. नंतर तांब्याची तार गुंडाळलेले इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचे साधन आले. मराठीने आकार सोडला, धातू धरला, आणि ‘तांबे’वरून ‘तांबी’ हे लहानसे, घरगुती वाटणारे स्त्रीलिंगी नाम घडविले. मराठीच्या शब्दसिद्धीचा हा सुंदर नमुना आहे. परंतु डॉक्टरच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो तो या नावातून गळलेला आकडा. ‘३८० ए’ या प्रकारात ३८० हा तांब्याच्या पृष्ठभागाचा चौरस मिलिमीटरमधील आकडा आहे आणि ते साधन दहा वर्षे चालते; ‘३७५’ हे साधन पाच वर्षांचे. ‘तांबी’ या एका शब्दात ही दोन्ही सामावतात. संप्रेरक सोडणाऱ्या साधनात तर तांबे नसतेच. त्यालाही कोणी ‘तांबी’ म्हटले, तर घोटाळा पूर्ण होतो.

गोळ्यांच्या बाबतीत प्रकार आणखी मनोरंजक आहे. ‘माला-डी’ आणि ‘माला-एन’ ही दोन नावे; एक अल्प किमतीला विकली जाणारी, दुसरी सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळणारी. घटक मात्र एकच : ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम एथिनिल एस्ट्रॅडिऑल. येथे नावातील भेद औषधाचा नसून किमतीचा आहे. उलट ‘सहेली’ आणि ‘छाया’ ही गोळी रोजची नव्हेच. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली ही गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व नंतर एकदा घ्यावयाची असते. ‘सहेली’ १९९१ मध्ये बाजारात आली; ‘छाया’ या नावाने ती पुढे सरकारी कार्यक्रमात शिरली. तिच्या द्रव्याचे जुने नाव ‘सेंटक्रोमन’. त्यातील ‘सेंट’ हा संस्थेच्या नावातील ‘सेंट्रल’चा अवशेष होय. दर तीन महिन्यांनी घ्यावयाच्या इंजेक्शनास सरकारने ‘अंतरा’ असे नाव दिले. दोन मुलांमधील अंतर त्यात सूचित होते.

५

ही सारी नावे भारताच्या सीमेपर्यंतच चालतात. पुढे चालते ते द्रव्यनाम. जागतिक आरोग्य संघटनेने औषधी द्रव्यांना एकच आंतरराष्ट्रीय नाव देण्याची व्यवस्था उभारली आणि अशा नावांची पहिली यादी १९५३ मध्ये निघाली. या नावांना स्वतःचे एक व्याकरण आहे. ‘जेस्ट’ हा अंश दिसला की द्रव्य प्रोजेस्टेरॉनच्या कुळातील, ‘एस्ट्र’ दिसला की इस्ट्रोजेनच्या कुळातील, असे समजावे. ‘सहेली’तील द्रव्याचे आंतरराष्ट्रीय नाव ‘ऑर्मेलोक्सिफेन’. त्यातील ‘इफेन’ हा अंश ते वेगळ्याच कुळातील असल्याचे सांगतो. धातू व प्रत्यय ओळखणाऱ्या वाचकास ही रचना परकी वाटू नये.

लालबागहून लंडनला गेलेली, ‘माला-डी’ घेणारी एक स्त्री कल्पावी. तिने ‘माला-डी’ मागितली तर काही मिळणार नाही. तिने दोन द्रव्यनामे व त्यांचे प्रमाण दाखविले, तर तेच घटक त्याच प्रमाणात असलेली ‘मायक्रोगायनॉन ३०’ ही गोळी तेथे आहे असे तिला कळेल. इंग्लंडमध्ये संततिनियमनाची सेवा १९७४ पासून राष्ट्रीय आरोग्यसेवेतून विनामूल्य मिळते आणि परदेशी पाहुण्यांकडूनही तिचे शुल्क घेतले जात नाही. तरीही एक बारीक गोष्ट राहते. ‘माला-डी’च्या पाकिटात २८ गोळ्या असतात : २१ औषधाच्या व ७ लोहाच्या. तेथील नेहमीच्या पाकिटात मात्र २१ गोळ्याच असतात, त्या संपल्यावर सात दिवस थांबावयाचे असते. जिने लोहाच्या सात गोळ्या संपविल्या, तिचे सात दिवस थांबणे आधीच झालेले आहे. नवे पाकीट तिने दुसऱ्याच दिवशी सुरू करावयास हवे. ‘सात दिवस थांबा’ ही सूचना वाचून ती पुन्हा थांबली, तर चौदा दिवस औषधावाचून जातात आणि गर्भधारणेचा धोका उभा राहतो.

अमेरिकेत हाच प्रसंग निराळे वळण घेतो. दोन्ही द्रव्यांची संयुक्त गोळी तेथे सामान्यतः चिठ्ठीवर मिळते. चिठ्ठीवाचून मिळणारी रोजची गोळी २०२४ मध्ये विक्रीस आली; तिच्यात नॉर्जेस्ट्रेल हे एकच द्रव्य आहे. ‘लेव्होनॉर्जेस्ट्रेल’ आणि ‘नॉर्जेस्ट्रेल’ यांत फरक काय, असे कोणी विचारील. ‘लेव्हो’ हा लॅटिनमधील ‘डावा’ या अर्थाच्या शब्दावरून आलेला पूर्वप्रत्यय आहे. नॉर्जेस्ट्रेलचे रेणू एकमेकांच्या आरशातील प्रतिमांप्रमाणे दोन प्रकारचे असतात. लेव्होनॉर्जेस्ट्रेल हा त्यांपैकी एकच, क्रियाशील प्रकार होय. पूर्वप्रत्यय गळला की द्रव्य बदलते. शिवाय ही एकद्रव्यी गोळी रोज ठरलेल्या वेळी घ्यावी लागते. तीन तासांहून अधिक उशीर चालत नाही. मुंबईत रात्री नऊला गोळी घेण्याची सवय असलेल्या स्त्रीने घड्याळही बदलून पाहावयास हवे. मुंबईचे रात्रीचे नऊ म्हणजे हिवाळ्यात लंडनचे दुपारचे साडेतीन.

तातडीच्या प्रसंगी घ्यावयाच्या गोळीचे मुंबईतील ओळखीचे नाव ‘आय-पिल’. अमेरिकेत ती ‘प्लॅन बी’, फ्रान्समध्ये ‘नॉरलेव्हो’. द्रव्य तिन्हीकडे १.५ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल. ही गोळी ७२ तासांच्या आत आणि शक्य तितक्या लवकर घ्यावयाची असते. अशा वेळी नाव शोधण्यात गेलेला प्रत्येक तास महागात पडतो. ‘अंतरा’ला बाहेर मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन असे म्हणतात, ते इंजेक्शन अनेक देशांत ‘डेपो-प्रोव्हेरा’ या नावाने मिळते. ‘३८० ए’ तांबी अमेरिकेत ‘पॅरागार्ड’ या नावाने ओळखली जाते. ‘सहेली’ला मात्र बहुतेक देशांत पर्यायी नावच नाही, कारण ती गोळी तेथे नोंदलेली नाही. ती घेणाऱ्या स्त्रीने निघण्यापूर्वी काही महिने आपल्या डॉक्टरशी बोलून दुसरे साधन ठरविणे श्रेयस्कर.

६

यावरून व्यवहारासाठी काढावयाचा निष्कर्ष साधा आहे. परदेशी जाणाऱ्या स्त्रीजवळ डॉक्टरची एक चिठ्ठी असावी. तीत व्यापारनामाबरोबर द्रव्यनाम, त्याचे प्रमाण आणि घेण्याचा क्रम इंग्रजीत स्पष्ट लिहिलेला असावा. तांबी असल्यास तिचा आकडा, बसविल्याची तारीख आणि काढावयाचे वर्ष नमूद असावे. औषध मूळ वेष्टनात न्यावे, कारण सुट्या गोळ्यांना नाव नसते. किती साठा नेता येतो हे त्या त्या देशाच्या नियमांवरून आधी पाहावे. जपानमध्ये चिठ्ठीवरची औषधे विशेष परवान्यावाचून एक महिन्यापुरतीच नेता येतात.

परंतु निष्कर्ष एवढ्यावर थांबत नाही. दवाखान्यात ‘तांबी बसवली’, ‘गोळ्या दिल्या’, ‘ऑपरेशन केलं’ एवढेच सांगितले जाते, तेव्हा स्त्रीच्या स्वतःच्या शरीरात काय आहे याचे पूर्ण नाव तिला दिले जात नाही. मुंबईत असेपर्यंत हे उणे भासत नाही, कारण नाव न सांगताही समजणारी माणसे भोवती असतात. सीमा ओलांडली की तेच उणे उघडे पडते. मराठी शब्दकोशांत आणि आरोग्यविषयक पुस्तिकांत बोलीनाम, व्यापारनाम व द्रव्यनाम शेजारी शेजारी छापले गेले, तर या तुटीची बरीचशी भरपाई होईल. ‘तांबी’ हा शब्द टाकून देण्याचे कारण नाही. त्यापुढे ‘३८० ए’ लिहिले की झाले.

कर्वे यांना परदेशी वस्तूसाठी मराठी शब्द हवा होता आणि तो उच्चारण्याबद्दल त्यांना दंड भरावा लागला. आज तो शब्द उच्चारण्यास दंड नाही. मराठी शब्दाबरोबर जगात चालणारे दुसरे नाव प्रत्येक स्त्रीच्या हाती देणे, एवढे काम आता उरले आहे.